राळा पाखरानं खाल्ला

श्रावण लागला की आमच्या गावात सकाळी सकाळी खुरप्यांना धार लावल्याचा आवाज येतो. येतो कसला, यायचा. बायका अंगणात बसून दगडावर पाणी शिंपडायच्या, खुरपं घासायच्या आणि अर्ध्या तासात सगळी आळी निंदणाला, तण काढायला निघायची. आता पाठीवर तणाच्या औषधाचा पंप अडकवून एक माणूस दोन तासांत ते काम उरकतो. यंदा मात्र एका सकाळी कुठल्याशा अंगणातून तो आवाज आला. मी अंगणवाडी उघडायला निघाले होते, पाय थांबले. असं जुनं काही कानावर पडलं की पोटात कालवतं म्हणतात. माझ्या पोटात काही कालवलं नाही. किल्ली पिशवीत आहे ना एवढं चाचपलं आणि पुढे चालू लागले.

फाल्गुनापासून माझं हे असंच चाललं होतं. फाल्गुनात मोठीबाई गेल्या. मोठीबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. तीस वर्षं आमची चूल एक, विहीर एक आणि भांडायची जागाही एकच, न्हाणीच्या दारातली. त्या गेल्या त्या दिवशी मी मोठं पातेलं शोधत होते, आलेल्या माणसांच्या चहासाठी. पातेलं सापडलं. चहा झाला. साखर थोडी जास्त पडली हेही मला कळलं. चौकात फलक लागला, त्यावर ‘द्वारकाबाई’ असं नाव होतं. ही कोण बाई, असं क्षणभर मनात आलं. मागे बायका कुजबुजल्या की हिच्या डोळ्यात टिपूस नाही. कुजबुजल्या म्हणजे मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं. मला राग यायला हवा होता, तोही आला नाही. दात काढताना डॉक्टर सुई देतात, मग गालाला हात लावला तरी तो दुसऱ्याचा वाटतो, तसं सगळं अंग दुसऱ्याचं झालं होतं.

तर राळा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. राळा म्हणजे मोहरीएवढं पिवळं, गुळगुळीत धान. त्याचं कणीस बोटभर जाड, लवदार, मांजराच्या शेपटीसारखं. भरलं की खाली वाकतं. पूर्वी आमच्या भागात बांधाच्या कडेनं, कपाशीच्या तासात, म्हणजे ओळीत, कुठंही मूठभर टाकलेला असायचा. हलकी जमीन चालते, पाण्याची फार मिजास नाही. उखळात कांडून, पाखडून त्याचा भात करायचा. आमच्या घरी तो वर्षातून एकदाच व्हायचा, भोगीला, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी. तिळाची भाकर, भोगीची मिसळ भाजी आणि राळ्याचा भात, वर दूध-गूळ. त्या भाताला एक वास येतो, पावसाळ्यात पोतं उघडल्यावर येतो तसा. चांगला आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या वासाशिवाय आमच्या घरात भोगी झाली असं कोणी म्हणत नसे.

आता राळ्याला बरे दिवस आलेत. अंगणवाडीत लावायला एक चकचकीत पोस्टर आलं आहे, त्यात सगळी बारकी धान्यं वाट्यांत मांडली आहेत आणि मागे एक गोरीपान बाई हसते आहे. तिनं राळा कधी कांडला नसावा, नखं फार चांगली आहेत. पोस्टर आलं तेव्हा मदतनीस बाईंनी मला विचारलं की तुमच्याकडे असतो ना हा, एक वाटी आणा की दाखवायला. तोवर आमचा राळा संपून गेला होता. मी आणते म्हणाले आणि पोस्टरला चार कोपऱ्यांत चार खिळे मारले.

राळ्याची आणि माझी ओळख वाईट रीतीनं झाली. मी कारंज्याची, शिंप्याची मुलगी. आमच्या घरी जमीन म्हणजे शिलाई मशीन ठेवली होती तेवढी. काज कसं करायचं, उलटी शिलाई कुठे लपवायची हे मला डोळे मिटून येत होतं, पण तूर आणि अंबाडी यांतला फरक विचारला असता तर मी दोन्हीला झुडूप म्हटलं असतं. लग्न होऊन या गावी आले, मेडशीच्या फाट्यावरून आत, तेव्हा उन्हाळा होता आणि वावरं सगळी काळी, मोकळी. मला वाटलं, हे सोपं आहे. मग पाऊस झाला आणि सगळीकडून हिरवं उठलं. त्या हिरव्यातलं कोणतं ठेवायचं आणि कोणतं काढायचं हे माझ्याखेरीज सगळ्यांना जन्मतःच माहीत होतं.

त्या साली पहिली पेरणी वाया गेली होती. दुबार पेरणीत मोठीबाईंनी डब्यातला शिल्लक राळाही पेरून टाकला. नाल्याकडच्या धुऱ्यालगत, म्हणजे बांधालगत, दोन तासं, लांबलचक. ती दोन तासं त्यांची होती. घरच्या बाकी पिकाचा हिशेब पुरुष मंडळींकडे, पण राळ्याचं बी कुठं ठेवायचं, कधी टाकायचं, कोणाला द्यायचं, हे त्या ठरवायच्या. त्यांच्या सासूनं, म्हणजे माझ्याही सासूनं, ते त्यांच्या हाती दिलं होतं. मोठीबाई तेव्हा फार तर पंचविशीच्या असतील. मला त्या केवढ्या मोठ्या वाटायच्या.

श्रावणातल्या एका सकाळी त्यांनी मला एकटीला धुऱ्याकडे निंदायला पाठवलं. घरात मोठाल्या वाती करायचं काम होतं, त्या मागून भाकर घेऊन येणार होत्या. पुरुष मंडळी त्या आठवड्यात वरच्या वावरात होती. मी पहिल्यांदाच एकटी वावरात होते आणि मला सगळ्यांना काहीतरी करून दाखवायचं होतं. नव्या सुनेला हा रोग असतोच. मी पदर खोचला आणि लागले कामाला. जमीन ओली होती, झाड ओढलं की मुळासकट सुटून यायचं, तेव्हा चपकन असा एक आवाज व्हायचा. तो आवाज मला आवडायला लागला. कपाशी सोडून जे जे बारीक पानाचं, गवतासारखं दिसलं ते ते मी काढलं. दुपारपर्यंत दोन्ही तासं मी अशी स्वच्छ केली की आरशात तोंड पाहावं. काढलेलं सगळं धुऱ्यावर नीट ढीग करून रचलं. शिंप्याची मुलगी, चिंध्यासुद्धा घडी घालून ठेवणारी.

मोठीबाई डोक्यावर टोपली घेऊन आल्या. माझ्याकडे पाहून हसल्या. मग ढिगाकडे पाहिलं. टोपली उतरवायचीही राहिली, तशाच उभ्या. मग हळूच खाली बसल्या आणि ढिगातलं एक झाड उचलून त्याच्या बुडाशी बोट फिरवलं.

“अवं, हे तं धान होतं,” त्या म्हणाल्या.

एवढंच. मी आयुष्यात खूप बोलणी खाल्ली आहेत, त्यातली बरीच मोठीबाईंचीच, पण त्या दिवशी त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. मी रडायला लागले तर म्हणाल्या की रडाले येळ नाही, आधी नाल्यातून फडकं भिजवून आण. ढिगातली जी झाडं खालच्या बाजूला होती आणि अजून मान टाकून बसली नव्हती, ती आम्ही ओल्या फडक्यात गुंडाळली. दुपारभर तशीच सावलीत ठेवली. उन्हं कलल्यावर खुरप्याच्या टोकानं भोकं पाडून एकेक परत लावली. मी भोक पाडायचं, त्यांनी झाड उभं करून अंगठ्यानं माती दाबायची, मग मी तांब्यानं पाणी घालायचं. लावता लावता त्यांनी मला बुड दाखवलं. गवताचं बुड लालसर आणि पसरट, राळ्याचं फिकट आणि एकटं. पुढे कणसं आल्यावर आणखी एक खूण सांगितली. गवताचं कणीस मुठीत धरून ओढलं की दाणे आपोआप हातात सांडतात. राळ्याचे सांडत नाहीत. त्याला झोडपावं लागतं, तेव्हा कुठं तो सोडतो. ही खूण मला आजही येते. तिचा उपयोग करायला आता राळा नाही.

त्या लावलेल्यांतली बहुतेक झाडं गेली. जगली ती बोटावर मोजावी एवढी. त्यांना कणसं आली तेव्हा मोठीबाईंनी त्यांच्यावर माझ्या जुन्या परकराच्या चिंध्यांच्या पिशव्या बांधल्या, चिमण्यांनी उरलंसुरलं नेऊ नये म्हणून. ते सगळं बी म्हणून डब्यात गेलं, राखेत घोळून. म्हणजे पुढची तीस वर्षं आमच्या घरानं जो राळा खाल्ला तो त्या दुपारी ओल्या फडक्यातून वाचलेल्या झाडांचा होता. हे आम्हा दोघींनाच माहीत होतं, असं मी समजत होते.

तसं समजायला कारण त्या सालची भोगी. राळ्याचा भात नव्हता. सासूबाई पाटावर बसल्या, ताटातल्या पांढऱ्या भाताकडे पाहिलं आणि मान वर केली. सासूबाईंनी मान वर केली की घरातलं मांजरसुद्धा बाहेर जात असे. मी चुलीपाशी होते. भाकरी तव्यावर जळायला लागली होती तरी मला ती उलटता येईना. मोठीबाईंनी माझ्या हातातून उलथनं घेतलं, भाकर उलटली आणि तिकडे पाठ ठेवूनच सांगितलं, “राळा पाखरानं खाल्ला यंदा.”

सासूबाईंनी मान खाली घातली. जेवल्या. माझे यजमान आणि त्यांचे थोरले भाऊ जेवले. विषय संपला. दुसऱ्या दिवशी संक्रांतीचं वाण घेताना मोठीबाईंनी माझ्या कानाशी तोंड आणून हळूच म्हटलं, “काय वं पाखरा.” तेव्हापासून माझं नाव पाखरू पडलं. घरात सगळ्यांना वाटे की मी बारीक आहे आणि भराभर चालते म्हणून. पुढे मी चांगली आडवी झाले, गुडघे धरले, तरी नाव पाखरूच. भांडणातसुद्धा त्या मला नावानं हाक मारत नसत. न्हाणीच्या दारात दोघी तावातावानं बोलायला लागलो की त्या मधेच “जाय वं पाखरा” म्हणायच्या आणि मला पुढं बोलता येत नसे. त्या गेल्यावर पहिले काही दिवस मला एवढंच कळत होतं की घरात एक आवाज कमी आहे. कोणता, ते शोधायची शक्ती नव्हती.

आता भासऱ्यांविषयी सांगायला हवं. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, मोठीबाईंचे मालक. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांशी तोंडातोंडी बोलायचं नसतं. पदर घ्यायचा, समोरून जायचं नाही, त्यांचं नाव तर घ्यायचंच नाही. त्यांनीही तिला हाक मारायची नाही. नव्या मुली आता हे पाळत नाहीत, आणि बरंच करतात. पण आम्ही त्यात मुरलो होतो. तीस वर्षांत आमचं सगळं बोलणं मोठीबाईंमार्फत झालं. भासरे ओसरीवरून म्हणत की चहा भेटन काय, ते मोठीबाईंना उद्देशून. मी चुलीपासून म्हणे की होऊन राह्यला म्हणा, तेही मोठीबाईंना उद्देशून. त्या मधे बसून लसूण सोलत असत आणि दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे पोचवायचीही त्यांना गरज पडत नसे, कारण सगळ्यांना सगळं ऐकू येतच होतं. फक्त त्या तिथं असाव्या लागत.

त्या गेल्यावर आमची पंचाईत झाली. माझे यजमान एसटीवर ड्रायव्हर, दोन दिवस घरी तर चार दिवस गाडीवर. मुलगी सासरी. सासूबाई मागेच गेल्या, मोठीबाईंचा मुलगा दिवसभर वावरात, घरात मी आणि भासरे. मग मी म्हशीला सांगायला लागले की जेवण वाढलं आहे. भासरे दाराच्या चौकटीला विचारायला लागले की औषधाची गोळी कुठं ठेवली. एकदा मी भिंतीवरच्या घड्याळाला सांगितलं की रेशनवर जायचं आहे, तर भासरे घड्याळालाच म्हणाले की पिशवी दारामागं हाय. हसण्यासारखंच होतं ते. मोठीबाई असत्या तर लोटपोट हसल्या असत्या. आम्ही दोघं हसलो नाही.

भासरे जेवायचे कमी झाले. भाकर अर्धी व्हायची, भाजी तशीच राहायची. कोणाकडे काही मागत नसत. चैत्र गेला, वैशाख गेला. मृगाच्या आधी एकदा गोठ्यात म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत त्यांनी तिला विचारलं, भोगीले राळा होईन ना यंदा? मी बाहेर धुणं वाळत घालत होते. मोठीबाई गेल्यानंतर त्या माणसानं मागितलेली ही पहिली गोष्ट. मी दोरीला सांगितलं, होईन म्हणा.

डबा मी शोधून काढला. पावडरच्या दुधाचा जुना डबा, झाकण तारेनं बांधलेलं. आत राख आणि राखेत मूठभर राळा. मोठीबाईंचा नेम होता, अर्धं पेरायचं, अर्धं डब्यात ठेवायचं. मला तो नेम पाठ होता. तरी मी सगळं पेरलं. का पेरलं, ते मला नीट सांगता येणार नाही. दोन तासं भरून हवी होती म्हणा, किंवा अर्धं मागं ठेवायला पुढच्या वर्षाचा विचार करावा लागतो आणि मला पुढचं वर्ष दिसतच नव्हतं. डबा उपडा केला, राखेसकट. त्याच धुऱ्यालगत. आता तिथं कपाशी नसते, सोयाबीन असतं.

वावर यंदा गजाननकडे होतं. गजानन मोठीबाईंचा एकुलता एक. सहा-सात वर्षं पुण्याकडे कंपनीत होता, आई गेली तसा परत आला आणि म्हणाला की आता इथंच राहतो, शेती करतो. भासऱ्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी त्याच्या देखत दोन-चार जणांना सांगितलं की हा दिवाळीपर्यंत टिकला तरी लय झालं. बापलेकांचं आधीच फारसं जमत नव्हतं. गजाननानं ते मनाला लावून घेतलं. सोयाबीन पेरलं, डवरणी म्हणजे कोळपणी केली, मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून काय काय केलं. चांगला कष्टाळू पोरगा आहे. फक्त त्याला शेतीतलं काही येत नव्हतं, आणि हे कोणाला कळू नये म्हणून तो कोणाला काही विचारत नव्हता. हा रोग मला ओळखीचा होता. मी ओळखायला हवा होता, पण तेव्हा माझ्या डोळ्यांना दिसत असलं तरी आत काही पोचत नव्हतं.

आषाढात त्यानं सोयाबीनवर तणाचं औषध मारलं. धुऱ्यापर्यंत, राळ्यासकट. आठ दिवसांनी मी गेले तेव्हा सोयाबीन हिरवंगार उभं होतं आणि राळा जागेवरच लालसर पडला होता. मधलं पान धरून ओढलं तर ते अलगद निघून हातात आलं, बुडाशी कुजलेलं. बाजूचं गवतही तसंच झालं होतं, लाल आणि कुजकं. दोन्ही एकसारखंच दिसत होतं. मी खाली बसले. ओलं फडकं आणावं असं मनात आलं. पण उपटलेलं झाड परत लावता येतं, हे लावता येण्यासारखं नव्हतं.

गजानन माझ्या मागं येऊन उभा राहिला होता. त्याच्या तोंडावर रंग नव्हता.

“काकू, औषध तं तणाचं होतं,” तो म्हणाला. “राळा तं धान हाय ना?”

त्यानं खरोखर तसं धरलं होतं. औषध तणाला मारतं, पिकाला सोडतं, सोयाबीनला सोडलंच की. राळा आईच्या हातचं धान, त्याला ते कसं हात लावील. औषधाला बिचाऱ्याला एवढंच कळतं की रुंद पानाचं ठेवायचं आणि गवताच्या जातीचं मारायचं, आणि राळा शेवटी गवताच्याच जातीचा. मी त्याला समजावून सांगितलं, शांतपणे, मुलांना फळांची नावं शिकवावीत तसं. मला ओरडताही येत नव्हतं आणि त्याला जवळ घेताही येत नव्हतं. त्यानं विचारलं की बी किती शिल्लक आहे. मी सांगितलं, नाही. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की त्यातली अर्धी चूक माझी आहे हे तेव्हा मला पहिल्यांदा स्पष्ट कळलं. मग तो फार खाली आवाजात म्हणाला की बाबाले सांगू नका, मले तोंड दाखोता येनार नाही, मी मंग जातोच परत. मी म्हणाले, पाहू.

भादवा गेला, दसरा-दिवाळी झाली. सोयाबीन बरं निघालं. गजानन दिवाळीनंतरही टिकला, त्याचं भासऱ्यांनी काही बोलून दाखवलं नाही. मी भोगीची वाट पाहत होते असं म्हणता येणार नाही, भोगी आपली आपण येत होती. मधे गजाननानं सुचवलं की वाशीमला दुकानात राळ्याचं पाकीट भेटते, आणू काय. मी नको म्हणाले. इंझोरीकडे, मानोऱ्याकडे जेवढ्या ओळखी होत्या तिथं बियासाठी निरोप पाठवले होते, कोणाकडे नव्हता. पाकिटातला कांडलेला, तो उगवत नाही. शिवाय विकतचा राळा घरचा म्हणून त्यांच्या ताटात वाढणं मला जमलं नसतं. खोटं बोलायचंच तर घरात चालत आलेलं एक खोटं होतं.

भोगीच्या दिवशी हे गाडीवर होते. गजाननला सकाळपासून फाट्यावर काहीतरी काम निघालं, ते दुपारपर्यंत संपेना, आणि ते काम कोणतं हे मला ठाऊक होतं. भासरे ओसरीवर पाटावर बसले. आंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. मी ताट ठेवलं. तीळ लावलेली भाकर, मिसळ भाजी, आणि पांढरा भात. पदर सावरून दाराच्या आत उभी राहिले. त्यांनी भाताकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, राळा यंदा पाखरानं खाल्ला म्हणा.

भासऱ्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. भाजीला लावला. खाल्ला. मला वाटलं, झालं, त्या वेळेसारखाच विषय संपला. मी आत वळणार तेवढ्यात ते बोलायला लागले. त्यांनी चौकटीकडे पाहिलं नाही की घड्याळाकडे पाहिलं नाही. ते माझ्याशी बोलत होते.

“पाखरू कनीस खाते,” ते म्हणाले. “झाड मुयासकट उपटत नाही. एवढं मले त्या सालीबी समजत होतं. मायलेबी समजत होतं.”

तीस वर्षं मी समजत होते की आम्ही दोघी मिळून घराला फसवतो आहोत. घर सगळं जाणून होतं. वरच्या वावरातून घरी येताना त्यांनी धुऱ्यावरचा माझा घडी घातल्यासारखा ढीग पाहिला असणार, परत लावलेली, मान टाकलेली झाडं पाहिली असणार. सासूबाईंनी तो पांढरा भात मुकाट्यानं खाल्ला तेव्हा त्या फसल्या नव्हत्या. आणि मोठीबाईंना हे ठाऊक होतं की नव्हतं, ते आता विचारायला मोठीबाई नाहीत. पाखरू हे नाव ओसरीवर, चुलीपाशी, सगळ्यांच्या देखत घेतलं जात होतं आणि ऐकणारा प्रत्येक जण ते का पडलं हे जाणून गप्प राहत होता. मी एकटीच त्यातली अजाण होते.

भासरे थोडं पाणी प्यायले.

“यंदा तं झाड जागेवरच लाल झालं,” ते म्हणाले. “मी पाह्यलं आषाढातच. त्याले सांगू नोको मले मालूम हाय म्हनून. राळा पाखरानंच खाल्ला.”

तेव्हा मला रडू आलं. फाल्गुनापासून न आलेलं सगळं. गालावरची सुई उतरते तेव्हा आधी दुखायला लागतं, तसं दुखलं. स्वयंपाक गॅसवरचा, धुराचं निमित्तही करता येईना. मी भासऱ्यांच्या समोर, पदर डोक्यावरून घसरलेला, उंबऱ्यात बसून हमसून हमसून रडले. ते पाटावरून उठले नाहीत. ताटातली भाकर संपवली, भाजी संपवली, पांढरा भातही संपवला. बऱ्याच महिन्यांनी त्यांचं ताट असं रिकामं होत होतं. बाहेर फटफटीचा आवाज आला, गजानन फाट्यावरून परत आला होता आणि आत यायचं धाडस होत नसल्यानं अंगणात उगाच फटफटी पुसत होता.

भासऱ्यांनी एकदा तिकडे पाहिलं. मग रिकाम्या ताटावर बोट ठेवलं.

“भात वाढ, पाखरा,” ते म्हणाले. “अन् त्यालेबी बलाव. थंडा होऊन राह्यला.”

मी उठले आणि भात वाढला.